तीन नंबरचा वार

...आणि वर मलाच विचारतात, "रणजीत, साखरपुडा तुझा आणि तोंड असं का?" आता तुम्हाला सांगतो, चाकणला नोकरी लागली ना की तोंडावर काही दिसायचं बंदच होतं. आमच्या प्लांटला सुट्टी गुरुवारी, म्हणून साखरपुडा, बारसं, जावळ, सगळं गुरुवारी. आणि प्लांट बंद असेल तेव्हाच आम्हा आयटीवाल्यांना कामाला बोलावतात! दोनदा माझा साखरपुडा पुढे गेला. प्राजक्ता म्हणाली, "आता तिसऱ्यांदा ढकललास तर मी नाही म्हणेन." खरंच म्हणेल हो ती.

काम तरी काय? एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात वीसेक खोटे कॉम्प्युटर चालतात, हजेरीचा, स्टोअरचा, लेबलं छापणारा... ते सुट्टीला बंद करायचे, शुक्रवारी चालू करायचे. हे करणारी एक लायब्ररी असते, पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रामांची. तिला आपण ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितो तिच्यातून हाक मारायची, त्या मधल्या जोडाला म्हणतात बाइंडिंग. पहिले साहेब म्हणाले, पर्लमधून हाक मारा. दुसरे म्हणाले, पर्ल कोण वापरतं, पायथन घ्या. आता प्रज्वल सर आलेत, त्यांना जावा पाहिजे. अहो, खाली लायब्ररी तीच! पण सांगता कोणाला? मी म्हटलं, बरं.

सर म्हणाले, "फक्त भाषा बदलायची. बाकी जसंच्या तसं. डोकं चालवायचं नाही, कळलं?" नाही चालवलं. जुन्या पायथनमध्ये लिहिलं होतं, तीन नंबरचा वार आला की सगळं बंद. तो तीन उचलला, जावात ठेवला. आता पायथन सोमवारला म्हणतो शून्य, म्हणजे तीन झाला गुरुवार. जावा सोमवारला म्हणतं एक. मोजा बोटांवर... बुधवार. भर फर्स्ट शिफ्टला लेबलंवाला कॉम्प्युटर बंद झाला, लेबलं नाहीत म्हणून माल गाडीत चढेना, माल हलेना म्हणून लाइन थांबली, मी चालू करतोय, प्रोग्राम परत बंद करतोय, प्रोग्रामला हात लावायला सरांची परवानगी पाहिजे, आणि सर कुठे? मीटिंगमध्ये! शेवटी सगळ्यांना घरी सोडलं. मला काही वाटलं का? काही नाही. खाली लायब्ररी तीच.

संध्याकाळी नोटीस लागली, बुधवार वाया गेला, बदल्यात उद्या गुरुवारी कामावर या. उद्या माझा साखरपुडा, आणि सासरे साहेबराव आमच्याच लाइनवर सुपरवायझर, प्राजक्ताचे काका पॅकिंगला, माझे मित्र तिथलेच... दुसऱ्या दिवशी सांगवीच्या हॉलमध्ये भटजी, आचारी आणि बायका. मुलीचा बाप कुठंय, तर शिफ्टला! प्राजक्ता माझ्याकडे बघत नव्हती. मुहूर्त टळून गेल्यावर सासरे आले, अंगात कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज. मला कुंकू लावता लावता कानाशी आले.

"पावणं, तुमी आयटीत हाय. बुधवारी लाइन कुनी पाडली?"

"चौकशी चालू आहे, मामा."

"घावला तर सांगा. आन त्याला लग्नाला बोलवायचं न्हाई."

मी म्हटलं, बरं. तसंही त्याला जमेल असं दिसत नाही... लग्न गुरुवारचं आहे, आणि प्रज्वल सरांना आता सगळं गो नावाच्या भाषेत पाहिजे.