दारातली बाज

डॉक्टर : थंडी वाजून ताप, ओकाऱ्या, अन् पाठीत बरगडीखाली कळ. तुमच्या सुनेनं हे इतके दिवस अंगावर काढलं?

कस्तुराबाई : आमाले हिवताप वाटला, डागदरसायेब. कोयनेलची गोळी देल्ली. ताप उतरे अन् पुना चढे. मंग बैलबंडीत घालून वाशीमले आनली.

डॉक्टर : हिवताप नाही हा. मूत्रपिंडात पू झालाय. आधी लघवीला जळजळ होत होती का?

कस्तुराबाई : ह्यायच्यासमोर कसं सांगू?

जगदेव : सांग वं! गोमती तिकडं तडफडून राह्यली अन् तू लाजतं काय?

कस्तुराबाई : होत होती. आग होते म्हने. मी घोटभर धन्याचं पानी देल्लं.

डॉक्टर : तेव्हाच सल्फाच्या गोळ्या अन् भरपूर पाणी मिळालं असतं, तर तिथंच थांबलं असतं. लघवी तुंबवली की जंतू वर चढतात. ती पाणी कमी पीत होती?

कस्तुराबाई : कमीच.

जगदेव : काहून? रांजन तं भरून रायते!

कस्तुराबाई : पानी पेलं का भाईर जा लागते.

जगदेव : मंग जावं! कोनं अडवलं तिले?

कस्तुराबाई : तुमी.

जगदेव : मी? मी तं तिले कधी मोठ्यानं बोललो नाई!

कस्तुराबाई : घराले दार एक. बैलानं पाय मोडला तवापासून दारात तुमची बाज. दिवसभर मानसं येऊन बसतेत. सासऱ्यासमोरून सुनंनं टमरेल घेऊन जावं कसं? उजाडाच्या आंधी जाये, मंग सांज होईलोक दाबून बसे.

जगदेव : अन् तू मले बोल्ली नाई?

कस्तुराबाई : मी बी तुमच्या बाच्या बाजेमांगं तसेच दिवस काढले. मीच मायेनं सांगतलं तिले, बाई, पानी कमी पेत जाय.

जगदेव : डागदरसायेब, आता पाजा न पानी! हंडाभर पाजा! वाचंल न लेकरू?

डॉक्टर : स्ट्रेप्टोमायसिन सुरू केलंय. पण विष रक्तात भिनलंय, बाबा. कालपासून लघवीच नाही. तुमच्या मुलाला, दौलतला, तिच्याजवळच बसू द्या.

(गोमतीची तेरवी झाली आहे. अनसिंग गावातलं घर, दुपार.)

कस्तुराबाई : हे काय? मोडक्या पायानं बाज कायले ओढता?

जगदेव : गोठ्यात नेतो. धर तिकून.

कस्तुराबाई : दौलतले हाक मारतो, थांबा.

जगदेव : नोको. तो या बाजेकडं पाहत नाई, अन् मह्याकडं बी नाई.

कस्तुराबाई : आता नेऊन काय करता? जानारी गेली.

जगदेव : धर म्हनतो न.

कस्तुराबाई : धरली. हळू, पाय सांभाळा... हं, ठेवा. अगं बाई! केवढं मोठं दार हाये आपलं.

जगदेव : कस्तुरा.

कस्तुराबाई : काय?

जगदेव : तू सकायपासून पानी पेली काय?

कस्तुराबाई : नाई. सवयच नाई मले.

जगदेव : पे. पोटभर पे.