घरातून मिळालेली सवय

नाही, शिक्का मिळणार नाही — तिसऱ्यांदा विचारलंत म्हणून उत्तर बदलेल अशातला भाग नाही, मास्तर. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो, इकडे गठ्ठ्यांजवळ बसा. किटलीत जवाचा चहा आहे, ओतून घ्या, माझे हात गुंतलेत — ही पँट चार वाजता न्यायला येतील. दा-ओननंच पाठवलं ना तुम्हाला? नाही कसं. सकाळी शब्दानं शब्द वाढला, नात माझी भाताला हात न लावता शाळेत गेली, आणि दुपारी तिचे वर्गशिक्षक अर्ज घेऊन माझ्या दुकानात हजर. पाच वाजता सगळ्या वर्गाचे काम शिकायच्या उमेदवारीचे अर्ज कंपन्यांना जाणार, पालकाच्या नावाचा शिक्का नसला तर तिचा एकटीचा मागे राहणार — ऐकलं मी, बहिरी नाही. बाप बोटीवर, वर्षातून एकदा तोंड दाखवतो, आई तिच्या वाटेनं गेली, म्हणजे पालक कोण? मी. प्यो माल-सुन, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम. तिनं अर्जात ‘घरकाम’ लिहिलंय, तेही मी पाहिलं, पण ते राहू दे, आज भांडण त्याचं नाही.

आणि म्हातारी घाबरली असं शाळेत जाऊन सांगू नका. पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे, काचेच्या नळ्या आहेत, पोरगी तीन महिने खुर्चीवर बसून काम करणार — मला काय कळत नाही? तिला ती जागा हवी आहे, आणि तिला ती मिळावी असं मलाही वाटतं. शिक्का काल संध्याकाळीच काढून ठेवला होता. फक्त म्हटलं, आधी वाचून दाखव. तर म्हणते कशी, राहू दे ना आजी, तुला त्यातलं काय कळणार. दे इकडे म्हटलं. मी शाळेची पायरी चढले नाही, मास्तर, पण या गावातल्या गेल्या तीस वर्षांतल्या पोरांच्या गणवेशांवर नावाच्या पट्ट्या मीच भरल्या. चिठ्ठीवरचं नाव बघायचं, तसंच्या तसं दोऱ्यानं काढायचं — आधी नुसतं चित्र म्हणून काढायची, मग एकच आकार दहा नावांत दिसायला लागला, मग मीच ताडलं की हा ‘किम’ असणार, हा ‘पाक’ असणार. मला कोणी शिकवलं नाही. तेव्हा तुमचे ते चार चौकोन मी वाचू शकते. वाढ कशी झाली, स्वभाव कसा, अर्ज का करता, कामावर आल्यावर काय कराल. सगळे वाचले.

दुसऱ्या चौकोनात ती ओळ होती. ‘काम दिसलं की सांगण्याची वाट न बघता स्वतः पुढे होणं, ही मला घरातून मिळालेली सवय आहे.’ मी दोनदा वाचली. मला वाटलं पोरीनं गेलेल्या भावाच्या पेटीत हात घातला. ती पेटी दोन वर्षं कोणी उघडलेली नाही. विचारलं तर म्हणाली, कसली पेटी, हे शाळेनं दिलेल्या नमुन्यातलं आहे, सगळ्यांनीच घेतलंय. दाखव म्हटलं नमुना. दाखवला. नावावर काळी शाई, शाळेच्या वर्षावर काळी शाई, खाली अक्षरं माझ्या नातवाची, ग्यू-चानची.

तुम्ही मागच्या वर्षी आलात, तुम्हाला काय ठाऊक. कपाटात निवड झालेला अर्ज सापडला, बरा वाटला, नाव झाकलंत, प्रती काढल्यात. पोरांचं भलं व्हावं म्हणूनच केलंत. मी कुठे नाही म्हणते.

पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना होता. शाळेच्या शेवटच्या वर्षातली त्याची उमेदवारी, चौथा आठवडा. यंत्रात पुठ्ठा अडकला. दोघं जुने कामगार म्हणाले, मिस्त्री येऊ दे. हा आत शिरला. निरोप आला तेव्हा मी एका कोटाला बटणं लावत होते — चार लावायची होती, चारही लावली, दोरा तोडला, इस्त्री बंद केली, मग गेले. रडले वगैरे नाही. आजही नाही. लोकांना वाटतं बाई दगड आहे, वाटू दे. नंतर चौकशी झाली, लांब टेबल, सगळ्यांपुढे पाण्याची बाटली. त्याला आत जायला कोणी सांगितलं, असं एकानं विचारलं. कारखान्याच्या माणसानं फाइल उघडली, हाच अर्ज काढला, आणि हीच ओळ वाचून दाखवली. म्हणाला, सांगायची गरजच नव्हती, मुलानं स्वतःच लिहून दिलंय. मी त्या बाटलीच्या झाकणाकडे बघत होते.

आता सांगा, वर्गात किती जणांनी घेतली ही ओळ? मोजून सांगा, अर्ज तुमच्या पिशवीतच आहेत. तेवीस. बरं. म्हणजे तेवीस जण आज पाच वाजता लिहून देणार की आम्हाला काही सांगायची गरज नाही.

हो, दा-ओनच्या अर्जातून काढाल, आत्ता फोन कराल, ती नवीन कागद छापून आणेल — ते ठीक आहे, त्यावर शिक्का मारते, पोरीची जागा मी अडवणार नाही. पण उरलेल्या बावीस जणांचं काय? त्यांच्या घरून शिक्के पडलेत म्हणता. पडले असतील, वाचतं कोण. आणि हे काय बोललात? नाही, परत बोला. त्याचे शब्द मागे राहिलेत, मुलांच्या उपयोगी पडतायत, तो असता तर त्यानं आनंदानं दिले असते — असं तुम्हाला वाटतं. तुम्ही भले आहात हो. पण ग्यू-चानला तुम्ही पाहिलं नाही. तो मंद होता — मंद म्हणजे काय, सावकाश. बुटाची नाडी बांधायला शिकवली तर दहा वेळा विचारायचा, इकडून का, तिकडून का नाही. अर्ज लिहायला याच दुकानात बसला होता, तुम्ही बसलात तिथेच, दोन तास पेन चावत. स्वभावाच्या चौकोनात काय लिहिलं होतं त्यानं? ‘मी हळू आहे. समजेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारतो, समजल्याशिवाय हात लावत नाही.’ हे त्याचं. खरं तेच लिहिलं होतं. आणि ते वाचून कोणी तरी म्हणालं, असल्या पोराला दारात तरी उभं करतील का, खोड ते. खोडलं त्यानं. तोवर एका शब्दाला उलटून बोलला नव्हता, तेव्हा कसा बोलणार. मग तेच माणूस सांगत गेलं आणि तो उतरवत गेला, आणि निवड झाली म्हणून त्या माणसानं शेजारीपाजारी तांदळाचा केक वाटला.

कोण काय विचारताय. घरात होतंच कोण.

पिशवी उचला, मास्तर, शाळेत पोचायला वीस मिनिटं लागतात, आणि पोरांना काय सांगायचं ते कळत नसेल तर हेच सांगा — ती ओळ त्याची नव्हती, माझी होती, आणि मी ती परत मागते आहे.