नॅपकिनच्या पिशव्या

(१९४७. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातलं गणितज्ञांचं घर. जेवणाची वेळ. घरकाम बघणारी वाल्बुर्गा टेबल मांडतेय.)

वाल्बुर्गा : ठेवा ती पिशवी खाली, प्रोफेसर!

वेनेमान : कुठली?

वाल्बुर्गा : ओबेर्लेसाहेबांची. पाहुण्यांची नावं शिवलेल्या नॅपकिनच्या पिशव्या मी न बघता मांडते. जिथे नाव पडेल तिथे माणूस बसेल, हा नियम तुमचाच ना? आणि मी पाठ फिरवली की तुम्हीच त्या हलवता. लाज नाही वाटत?

वेनेमान : वाटते म्हणूनच हलवतो, बाई. आपल्या जर्मन फौजांनी फ्रेंचांचं स्ट्रासबुर्ग घेतलं, तेव्हा तिथल्या विद्यापीठातली ओबेर्लेंची जागा मला दिली. घरसुद्धा त्यांचंच. मी नको म्हटलं नाही. आता त्यांच्या शेजारी बसून सूप कसं गिळू?

वाल्बुर्गा : मग बोलावलंत कशाला?

वेनेमान : हे घर युद्धात आपल्या युद्धखात्यानं उघडलेलं. आता इथे ताबा फ्रेंचांचा, त्यांचे अधिकारी ते बंद करायला टपलेत. ओबेर्लेंनी चांगला शब्द टाकला, तरच इथे पुन्हा गणित होईल.

वाल्बुर्गा : म्हणजे त्यांचा शब्द हवा, तोंड नको! धन्य आहे तुमची.

ओबेर्ले : येऊ का आत?

वाल्बुर्गा : या, या साहेब! सूप आणतेच.

ओबेर्ले : वेनेमान, तुमच्या घरातला योगायोग फार शहाणा दिसतोय. सगळे माझ्या शेजारी बसून गेले. यजमान तेवढे दरवेळी पार त्या कोपऱ्यात. अहो, फसवायचं ते गणितवाल्यांना?

वेनेमान : पिशव्या मी हलवल्या.

ओबेर्ले : कळलं ते. माझ्या जागेवर कोण बसलं, हेही येण्याआधीच ठाऊक होतं.

वेनेमान : तरी आलात?

ओबेर्ले : वाटलं, पहिल्याच जेवणाला तुम्ही बोलाल. आज सामान बांधून ठेवलंय.

वेनेमान : शरमेनं मान वर होत नाही हो माझी.

ओबेर्ले : स्ट्रासबुर्गच्या घरी खिडकीखाली अक्रोड होता. मुलगी झाली तेव्हा लावला होता. आहे अजून?

वेनेमान : नाही. तिथल्या शेवटच्या हिवाळ्यात शेगडीला लाकूड नव्हतं. मीच तोडला.

वाल्बुर्गा : अरे देवा!... साहेब, सूप गार होतंय. पिशव्या पुन्हा मिसळू?

ओबेर्ले : नको, बाई. माझी यांच्या शेजारीच ठेवा. वेनेमान, इथलं गणित चांगलं आहे, तेवढं मी अधिकाऱ्यांना सांगेन. बाकीचं तुम्ही सांगायचं. आत्ता, सगळे जेवायला बसले की.

वेनेमान : सगळ्यांसमोर? कुठून सुरुवात करू?

ओबेर्ले : झाडापासून करा.