मालकासारखं बोला!

शाळा सुटल्यावर मी गंगापूर रोडच्या बसस्टॉपवर उभी होते आणि बाकावर एक काका-काकू चक्क तालीम करत होते! मी पुस्तक उघडून अभ्यासाचं सोंग घेतलं.

"मी भाडेकरू, तुम्ही घरमालक. करा सुरुवात."

"या, बसा. चहा घेणार?"

"अहो, मालक चहा विचारतो का? आपल्याला कधी विचारला होता कुणी?"

"मग काय विचारू?"

"नोकरी कुठे, माणसं किती. संध्याकाळी ते जोडपं खोली बघायला येणार, तेव्हा असा घोळ नको. बरं मालक, भिंतीला खिळा ठोकला तर चालेल?"

"ठोका की. नाहीतर थांबा, मीच ठोकून देतो."

"अहो! नव्याकोऱ्या भिंतीला?"

"सवय नाही गं ललिता. सगळा संसार भाड्याच्या खोलीत झाला. मला भाडेकरूचंच पटतं."

"मग आपण आता स्वतःच्या घरावर खोली बांधली कशाला? जरा कडक बोला. पाणी कधी येईल?"

"सकाळी एकदाच!"

"शाब्बास! आणि माझी आई चार दिवस राहायला आली तर?"

"पाहुणे मुक्कामाला चालणार नाहीत!"

काकूंनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

"का गं? जमलं ना?"

"जमलं. अगदी आपल्या जुन्या मालकांसारखं. आईला तेव्हा रात्रीच्या एसटीनं येवल्याला परत जावं लागलं होतं."

"हात्तिच्या! मग राहू दे भाडेकरूंकडे हवं त्याला. मी नाही अडवणार."

"आणि आपल्याकडे माझी आई आली तर?"

"आता कुणाची परवानगी मागतेस? मालकीण आहेस तू. ऊठ, बस आली."