दूत एवढं का बोलतो?

सिस्टर : वर्गात हात वर करायचा धीर झाला नाही, म्हणून थांबले. तो दूत एवढी लांबण का लावतो, सर?

सर : कोणता दूत?

सिस्टर : आजच्या ग्रीक नाटकातला. राणी आत महालात मेली. बाहेर येऊन "राणी गेली" म्हणाला असता, तरी काम झालं असतं. पण हा बाबा दोन पानं बोलतो. आधी ती कुठे बसली, कुठली चादर सारखी केली, कुणाला हाक मारली.

सर : ग्रीक लोक सहसा रंगमंचावर मरण दाखवत नसत. जे डोळ्यांना दिसत नाही, ते कानांना सांगावं लागतं.

सिस्टर : ती नाटकवाल्यांची सोय झाली. मी ऐकणाऱ्यांचं विचारतेय. ते का ऐकून घेतात?

सर : चौतीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही. बसा.

शिपाई : सर, पाच वाजले. बाकी सगळ्या खोल्यांना कुलपं घातली.

सर : आलोच.

शिपाई : तुमचं "आलोच" ठाऊक आहे मला. खाली बसतो. किल्ली टेबलावर ठेवली आहे, विसरून घरी नेऊ नका म्हणजे मिळवली.

सर : तर, लोक शोकांतिका का बघतात. कुणी म्हणतं, दया आणि भीती मनात तुंबलेली असते, ती वाहून जाते. कुणी म्हणतं, तिथे बरोबर आणि चूक भांडत नाहीत, बरोबर आणि बरोबर भांडतात, आणि ते बघून माणूस शहाणा होतो. आणखी कुणी म्हणतं, एवढं सगळं कोसळूनही जगणं हवंसंच वाटतं, हे पुन्हा एकदा कळावं म्हणून.

सिस्टर : आणि तुम्ही?

सर : मी परीक्षेत तिन्ही लिहायला सांगतो.

सिस्टर : सर.

सर : पूर्वी त्यातलं दुसरं म्हणायचो. अलीकडे काहीच म्हणत नाही. तुम्ही नर्स ना? फॉर्मवर वाचलं होतं.

सिस्टर : एकतीस वर्षं. मागच्या महिन्यात निवृत्त झाले. आमची दोन वाक्यं ठरलेली असायची. "आम्ही शर्थ केली. शांतपणे गेल्या." माणसं तोंडाकडे बघत राहायची, अजून काही येईल म्हणून. आम्ही सही कुठे करायची ते दाखवायचो.

सर : मलाही तीच दोन मिळाली. माझी बायको गेली तेव्हा. तीन वर्षं झाली.

सिस्टर : माहीत आहे. तिसरा मजला, कोपऱ्यातली खाट. मीच सांगितली तुम्हाला ती दोन वाक्यं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

(सर खुर्ची मागे सरकवतात, पण उठत नाहीत.)

सर : म्हणजे तुम्ही नाटकं शिकायला आला नव्हता.

सिस्टर : पहिल्या शनिवारी सगळं सांगून टाकायचं आणि परत फिरकायचं नाही, असं ठरवलं होतं. तुम्ही बोलायला लागलात आणि मी वही काढून बसले. आज सातवा शनिवार.

सर : फोन का केला नाहीत? तेव्हाही एवढंच विचारलं होतं. हॉस्पिटलला लेखी विचारलं. उत्तर आलं, प्रयत्न केला, लागला नाही. माझा फोन याच टेबलावर होता, चालू होता. या खोलीच्या एकेका कोपऱ्यात उभा राहून बघितलंय मी, सिस्टर, रेंज कुठे जाते ते. कुठेच जात नाही.

सिस्टर : "लागला नाही" असं मी लिहिलं. खोटं लिहिलं. फोन झालाच नव्हता. त्यांनी करू दिला नाही.

सर : तिनं?

सिस्टर : नंबर लावायला घेतला तर माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "नको. तो आला की मला त्याला धीर द्यावा लागेल. आज मला नाही जमणार."

सर : ...हे तिचंच वाक्य आहे. तुम्हाला बनवता आलं नसतं.

सिस्टर : कागदावर कसं लिहिणार होते मी हे? घरच्यांना कळवायला हवं होतं. आणि जाणाऱ्या माणसाचं ऐकायलाही हवं होतं. तिसऱ्या शनिवारी तुम्ही ते बरोबर-आणि-बरोबर फळ्यावर लिहिलंत, तेव्हा मी वही मिटून घेतली होती.

सर : मला तुमचा राग यायला हवा.

सिस्टर : येऊ दे. ऐकून घ्यायचं ठरवूनच आले.

सर : येतोय. खोटं नाही सांगत, चांगलाच येतोय. पण तुम्ही तिथे होता. शेवटपर्यंत?

सिस्टर : होते.

सर : घरात कुठेही मला ती दिसू शकते. जिन्यात, आरशासमोर, माझ्यावर चिडून मोजे शोधताना. फक्त तो एक तास काळा आहे. बाकी तीस वर्षं राहिली बाजूला, जीव त्याच एका तासात अडकलाय. सांगा.

सिस्टर : त्रास होईल, सर.

सर : होऊ दे. काही गाळू नका.

सिस्टर : तीनच्या सुमाराला जाग आली. आधी उशी उलटी करायला सांगितली, गार बाजू हवी म्हणून. मग खिडकी उघडा म्हणाल्या. समोर बांधकाम चालू होतं. म्हटलं, आवाज येईल. तर म्हणाल्या, येऊ दे, माणसांचाच आहे. खाली दोघं जण शिडी कुठे लावायची यावरून हमरीतुमरीवर आले होते. त्या हसल्या. म्हणाल्या, "डावीकडे लावा म्हणावं."

सर : डावीकडे का?

सिस्टर : विचारलं नाही.

सर : न बघता मत द्यायची. पुढे.

सिस्टर : फोनचं झालं ते त्याच्यानंतर. मग म्हणाल्या, "नवरा माझा शिकवताना एका जागी उभा राहत नाही. आत्ता चालत असेल. दार ते फळा, फळा ते दार." मी हात धरला होता. त्यांनी बोटांनी माझ्या तळव्यावर ठेका धरला. सावकाश, पावलं टाकल्यासारखा. मध्ये थांबायच्या, वळल्यासारख्या, की पुन्हा सुरू. चारला दहा मिनिटं कमी असताना थांबला. मी हात तसाच ठेवला थोडा वेळ. वाटलं, परत सुरू होईल.

सर : चारला दहा कमी. माझा तास चालू होता.

सिस्टर : हो.

सर : मी चालत असेन.

सिस्टर : हो, सर.

सर : ...सिस्टर, तुम्हाला घरी जायची घाई आहे?

सिस्टर : नाही.

सर : मग परत सांगा. उशीपासून.