पिवळ्या खडूची खूण

गाव माहं तिवश्यापासून आत, कौंडण्यपूरच्या वाटेवर. माहं नाव मंग सांगतो, पयले आयकून घ्या, आयकल्यावर तुमालेच वाटंन का या मानसाचं नाव न लिहिलेलं बरं. काया मातीचं वावर होतं, कापसाची पराटी अन तूर, खायाप्यायाची ददात नवती, पन भाऊ तिघं अन वावर एक, म्हनून मी अमरावतीले आयटीआय केलं अन तिकडं पुण्याच्या बाजूले एका कारखान्यात लागलो. मोठ्या लोकाइच्या गाड्या बनत तिथं. अशा गाड्या, का आमच्या गावात एक आली असती त बायाइनं तिले ओवाळलं असतं.

काम काय होतं म्हनान, त हात फिरवाचं. हासू नका. गाडी रंगून आली का उजेडाच्या बोगद्यात उभी करत, दोन्ही बाजूनं ट्यूबलाइटा, त्याइच्या रेघा पत्र्यावर सरळ पडल्या पायजे, कुठं वाकडी झाली का तिथं पत्रा दबला समजाचं. दरवाज्याची फट वरून खालपर्यंत सारखी पायजे. पन डोये फसतात, हात फसत नाई, म्हनून पांढरा सुती हातमोजा घालून हयूहयू हात फिरवाचा, केसाएवढी लहर असंन तरी बोटाले समजे. समजली का पिवया मेनाच्या खडूनं तिथं गोल खूण कराची. मंग डेंटर येऊन पत्रा ठीक करे, खूण पुसून टाके, मी परत हात फिरवो अन कार्डावर शिक्का मारो. खूण पुसली का तिचा मागमूस राहत नाई. हे ध्यानात ठेवा, माहं सगयं पाप त्याच्यावरच उभं हाय.

डेंटर होता गजानन, अचलपूरचा. माह्याच खोलीत राहे, एका स्टोव्हवर दोघाइचं पिठलं शिजे. बाकीचे आमच्या बोलन्याले हासत, म्हनून आमी एकमेकाले धरून होतो. माही बायको तवा माहेरी होती, त्याच्यावरून मले चिडवे, म्हने भौ, गाडीवर जसा हात फिरवतं तसा वहिनीच्या पाठीवर फिरवला असता त ते माहेरी कायले जाती. त्याचं लग्न नवंच होतं. अकोल्याची बायको, सुनंदा. तिच्या बापानं पोरगा कारखान्यात हाय एवढं पाहूनच पोरगी देल्ली होती. मी पर्मनंट, तो ठेकेदाराच्या हाताखाली, एवढाच फरक. हात त्याचा माह्यापेक्षा चांगला होता, हे मी आज म्हनतो, तवा म्हनलं नाई.

त्या वर्षी वेचनीले मजूर मिळेना, मायचा फोन आला, मी आठ दिवस सुट्टी काढून वावरात गेलो. तुमी कापूस वेचला काय कधी? वायलेल्या बोंडाचे टोक सुईवानी होतात, अन सवय सुटलेल्या मानसाचे बोटं तर फोडूनच काढतात. आठ दिवसात माह्या दाही बोटाइच्या शेंड्यावर खपल्या. परत आलो त चहाचा गरम कप धरला तरी समजेना. कारखान्याचा नियम होता, हाताले काई लागलं असंन त साहेबाले सांगाचं अन बरं होईपर्यंत गाडीले हात लावाचा नाई. गजाननानं सकाळीच पायलं, म्हने भौ, तुहे बोटं पाह्य जरा, सांगून दे अन आज बसून राय. मी म्हनलं चूप बे. लीडरच्या जागेसाठी माहं नाव चाललं होतं अन साहेबाच्या डोयासमोर मले बसून राहाचं नवतं. हातमोजा घातला, खपल्या झाकल्या.

गाडी काया रंगाची होती. काया रंगावर लहर लपत नाई म्हनतात, पन उजेडाच्या रेघा मले सरळच दिसल्या, मागच्या दरवाज्यावरून हात फिरवला, बोटाले काईच नाई समजलं, ना चांगलं ना वाईट, अन मी शिक्का मारला. पंधरा दिवसानं गाडी वापस आली. घेनाऱ्यानं उन्हात उभी केली अन दरवाज्यात त्याले आपलं तोंड वाकडं दिसलं.

साहेबानं दोघाइले बोलावलं. मले इचारलं, हे तुले समजलं नाई? अन काय सांगू तुमाले, मी इचार बी नाई केला, तोंडातून आपसूक निंघालं, साहेब, मी खूण केल्ती, यानं पुसली अन झालं म्हनला, मी भरोशावर शिक्का मारला. साहेबानं गजाननाकडं पायलं. तो म्हने, साहेब, खूण नवती. एवढंच. माह्या हाताकडं पायलं त्यानं, मी हात मांगं घेतले. मले वाटलं आता बोलते, आता खपल्याइचं सांगते. तो बोलला नाई. दुसऱ्या दिवशीपासून ठेकेदारानं त्याले येऊ नको म्हनलं. लीडर मी झालो.

सोळा वर्सं लीडर होतो. नव्या पोराइले शिकवो का हात खोटं बोलत नाई. बायकोले बी हे सांगितलं नाई. मंग हातालेच मुंग्या येऊ लागल्या, नोकरी सोडली अन अमरावतीले आलो. इथं हाताले आराम पडला, आता कोनी जुनी मोठी गाडी घेत असंन त मले पाहाले घेऊन जाते. एका वकील साहेबासोबत असाच अकोल्याले गेलो होतो. पांढरी गाडी, दरवाज्याच्या बोल्टाचा रंग उडलेला, म्हंजे दरवाजा खोलून ठीक केलेला. पन हात फिरवला त पानी. लहर नाई, फट सारखी. मालकाले इचारलं हे कोनं केलं. म्हने, गजानन मिस्त्री, अचलपूरचा.

वकील साहेबाले म्हनलं गाडी घ्या, अन मी पत्ता इचारत अचलपूरले गेलो. तो गाडीखाली होता. निंघाला, हात पुसले, म्हने लीडर साहेब, आज आमच्या दुकानात पायधूळ! मी उभ्याउभ्याच सगयं बोललो. अन इचारलं, तुले मालूम होतं, तू कावून नाई सांगितलं माह्या बोटाइचं? तो म्हने, मले वाटलं तूच सांगशीन.

मंग म्हने, घरी चाल, हिच्यासमोर सांग. दुकानामांगंच घर. सुनंदावहिनी तांदूळ निवडत होत्या. मी सांगत गेलो, त्याइचा हात थांबला नाई. झाल्यावर म्हने, भाऊजी, माहे बाबा मरेपर्यंत याइले जावई नाई म्हनले, कामचोर म्हनत, चारचौघात म्हनत. हे त्याइले सांगाचं होतं. मले सांगून काय? अन आत गेल्या. चहा आला, पोरीच्या हातानं आला, त्या नाई आल्या.

बसस्टँडवर सोडाले गजानन आला. म्हने भौ, बोललास ते बरं केलं, पन जेवढ्याइनं तवा आयकलं तेवढ्याइनं हे कुठं आयकलं. गाडी सुटली. त्यानं हात केला नाई, पन उभा राहला.

म्हनून तुमाले हे लिहून घ्याले बसवलं. गजाननाच्या हाताले देव अशीच बरकत देवो, माह्या हाताचं आता काई मागनं नाई. पयले म्हनलं होतं नाव मंग सांगतो. लिहा. भास्कर. तिवश्याकडचा भास्कर. त्या काया गाडीवर खूण केली नवती मी.