सूर्यफुलाची चिठ्ठी

— अकरा वाजून दहा मिनिटं. मंगळवार. कॉलेजची वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा. लिहिलंत? तेवढंच छापा, बातमीदार साहेब. मी तिथला शिपाई, दत्तोबा. बावीस वर्षं मोशीहून जाऊन-येऊन काचपट्ट्या बनवतोय, मला शिकवू नका. तर चाकणच्या मास्तरांची मंजुळा परीक्षेला. मायक्रोस्कोपखाली सूर्यफुलाच्या कोवळ्या कळीचा काप. कळीच्या पोटात, जिथं पुढं बी धरायचं, तिथं एक मोठी पेशी असते — तिच्या होतात चार, एकीखाली एक — तिघी मरतात, उरली ती वाढते, तिच्यातच पुढं अंडपेशी तयार होते. पुस्तकात हेच. पोरीनं काय काढलं? दोनच! वरची सुकत चाललेली, खालची टपोरी, आत दोन केंद्रकं, मधे भिंत न्हाई. परीक्षक म्हणाले, "चार कुठायत? पुस्तक उघडलं न्हाई वाटतं बाईंनी!" — दिला शून्य. अन् त्यांनी स्वतः डोळा लावला? न्हाई! काचेवर डकवलेली चिठ्ठी वाचली — 'सूर्यफूल'. झालं.

पोर खोटी? अहो, शंभर नंबरी खरी! कांद्यात दोनच होतात — वरची मरते, खालचीच सगळा संसार रेटते —

कांदा कुठनं आला? मी कुठं कांदा म्हणालो?... म्हणालो व्हय.

माझ्याच वावरातला. बावीस वर्षं साहेबांसाठी कळ्या मेणात बसवल्या, काप काढले, रंगवले — एकदा म्हटलं, आपल्या कांद्याचं पोट आपण बघावं. लई देखणी काच झाली. सोमवारी सूर्यफुलाची धुताना फुटली. रात कमी, सोंगं फार — हीच ठेवली, चिठ्ठी जुनी डकवली. मला काय ठाऊक, फुलाफुलात इतका फरक! जाड पुस्तकात बघितलं ते नंतर.

सांगून टाका म्हणता? सोपं हाय तुमचं. मार्चात पेन्शन माझी. — व्हय, ठाऊक हाय, वर्ष गेलं की बाप लगीन लावतोय तिचं. शनिवारी फेरतपासणी. तिथंबी चिठ्ठीच वाचतील.

पुरे. वही मिटा, उठा. अगं सरुबाई, चहा नको टाकूस, साहेब निघाले.

अन् एक — हे लिहू नका. परीक्षेत मायक्रोस्कोपवरनं डोळा न काढता तिनं हळूच विचारलेलं, "दत्तोबाकाका, हे सूर्यफूलच ना?" मान कुणी डोलावली, ते अजून कुणी विचारलेलं न्हाई.